फॉस्फेटची नळी कोरी का राहते: पाणी तपासणीच्या एका किटचा वर्षभराचा अनुभव

एका मध्यम आकाराच्या तलावावर आणि त्यात येऊन मिळणाऱ्या नाल्यावर वर्षभर, दर पंधरा दिवसांनी, वापरून पाहिलेल्या पाणी तपासणी किटचे हे परीक्षण आहे. या किटमध्ये नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया, सामू म्हणजे पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन अशा पाच चाचण्यांचे साहित्य येते, आणि एवढ्या साहित्यावर कोणत्याही जलाशयाचे आरोग्य ठरवता येईल असे आश्वासन वेष्टनावर दिलेले आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण या जातीची बहुतेक किट एकाच प्रकारच्या रसायनांवर चालतात आणि पुढे जे दोष सांगणार आहे त्यांतले बरेचसे त्या सगळ्यांनाच लागू पडतात. माझे मत आधीच नोंदवून ठेवते. नाल्यातून काय वाहत येते हे पकडायला हे किट चांगले आहे, त्यातली ऑक्सिजनची चाचणी तर उत्तम आहे. पण तलावाची पोषणस्थिती ठरवण्यासाठी ज्या फॉस्फेटच्या आकड्याकडे लोक सर्वप्रथम पाहतात, तो आकडा हे किट देऊ शकत नाही, आणि तसे ते कुठेही कबूल करत नाही.

नायट्रोजन आणि फॉस्फरस ही दोन पोषकद्रव्ये पाण्यात वाढली की शैवाल माजते, ते मेल्यावर कुजताना ऑक्सिजन खाते आणि तळाकडचे पाणी गुदमरू लागते. या प्रक्रियेला मराठी पाठ्यपुस्तके 'सुपोषण' म्हणतात. मुलांच्या आहाराविषयी बोलताना याच शब्दाने आपल्याला बरे वाटते, तलावाच्या बाबतीत मात्र तो दुखण्याचे नाव आहे, आणि किटसोबतच्या पुस्तिकेच्या मराठी अनुवादात नेमका याच ठिकाणी घोळ झालेला आहे. तिथे 'सुपोषित तलाव' हा प्रकार चांगल्या स्थितीच्या रकान्यात जाऊन बसला आहे. गोड्या पाण्यात बहुधा फॉस्फरस हाच वाढीला लगाम घालणारा घटक असतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी 226 क्रमांकाच्या तलावात 1973 साली मधोमध पडदा लावून एका भागात कार्बन व नायट्रोजन आणि दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही सोडण्यात आला, तेव्हा फॉस्फरस मिळालेला भाग हिरवागार झाला आणि दुसरा तसा झाला नाही. किटमधल्या पाच चाचण्यांपैकी फॉस्फेटच्या चाचणीवर मी या लेखात सर्वाधिक वेळ घालवणार आहे तो यामुळेच.

खोके मजबूत आहे. आत फोममध्ये कोरलेल्या खाचांत थेंबांच्या बाटल्या, भुकटीच्या पुड्या, 10 मिलिलिटरची खूण असलेल्या काचेच्या चार नळ्या, ऑक्सिजनसाठी काचेच्या बुचाची एक बाटली आणि जाड प्लास्टिकमध्ये बंद केलेली रंगपट्टी असते. नळ्यांवरची खूण रंगाने छापलेली आहे आणि सहाव्या-सातव्या धुण्यानंतर ती पुसट होऊ लागते, त्यामुळे मी हिरेकणीने काचेवरच रेघ ओढून घेतली. बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहायला जागा नाही, आणि ती हवी होती, कारण यातली काही रसायने बाटली उघडल्यावर झपाट्याने निकामी होतात.

नायट्रेटच्या चाचणीने पहिले दोन महिने मला फसवले, आणि त्यात दोष निम्मा माझा होता. या चाचणीत पाण्यातल्या नायट्रेटचे आधी नायट्राइट करावे लागते आणि मग ते नायट्राइट रंगद्रव्य बनवून गुलाबी ते लाल छटा देते. पहिल्या कामासाठी प्रयोगशाळा कॅडमियम वापरतात, तर किटमध्ये जस्ताची बारीक भुकटी दुसऱ्या बाटलीतल्या द्रवात मिसळलेली असते. ही भुकटी बाटली उभी राहिली की तळाशी बसते आणि वरचा द्रव स्वच्छ दिसतो. त्या स्वच्छ द्रवाचे दहा थेंब टाकले की नायट्रेट नसल्यासारखा निकाल मिळतो. बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी अशी सूचना पुस्तिकेत आहे, पण ती तिसऱ्या पानावरच्या एका लांबलचक वाक्याच्या शेपटाला आहे. मी बाटली दोनदा हलकेच उलटीपालटी करून काम भागवत होते आणि वहीत 'शून्य ते पाच' असे लिहीत होते. एके दिवशी बाटली प्रकाशासमोर धरल्यावर तळाचा करडा थर दिसला, बाटली हातावर आपटून तो सुटा केला, पुन्हा नळी भरली, आणि ज्या नाल्याच्या पाण्याला सकाळी 5 लिहिले होते त्याच पाण्याने 40 चा रंग दाखवला. ते दोन महिने मी वहीतून खोडले.

एकदा पद्धत बसल्यावर मात्र ही चाचणी भरवशाची ठरली. प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या नमुन्यांशी चार वेळा पडताळून पाहिले असता किटचा आकडा रंगपट्टीच्या एका पायरीहून जास्त चुकला नाही, आणि 0, 5, 10, 20, 40, 80 अशा पायऱ्यांची पट्टी असताना याहून बारीक अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तेही याच रंगात मोजले जाते, हे लक्षात ठेवावे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे. किटचा आकडाही नायट्रेट म्हणूनच असल्यामुळे तुलना सरळ करता येते. पण अनेक ठिकाणी हेच मोजमाप 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून दिलेले असते, आणि मग तेच 50 तिथे सुमारे 11 होतात. दोन्हींमधला गुणक 4.43 आहे. तो रंगपट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहज छापता आला असता.

आता फॉस्फेट. या चाचणीमागची पद्धत फार देखणी आहे. आम्लयुक्त पाण्यात मॉलिब्डेट आणि फॉस्फेट एकत्र येऊन जे संयुग बनते त्याला ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपले क जीवनसत्त्व, निळे करते. मर्फी आणि रायली यांनी 1962 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत चालते. किटने ॲस्कॉर्बिक आम्ल द्रवरूपात न देता पुडीत दिले आहे, हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण त्याचे द्रावण काही दिवसांतच निकामी होते. पुस्तिका पाच मिनिटांनी रंग पाहायला सांगते. मी दहा मिनिटे थांबू लागले, कारण थंड पाण्यात निळा रंग सावकाश चढतो, आणि अर्ध्या तासापलीकडे मी नळी ठेवत नाही.

अडचण रंगपट्टीवर आहे. तिच्या पायऱ्या 0, 0.25, 0.5, 1, 2 आणि 5 मिलिग्रॅम अशा आहेत आणि हे आकडे फॉस्फेटचे आहेत, फॉस्फरसचे नव्हेत. फॉस्फेटच्या 3.07 मिलिग्रॅममध्ये फॉस्फरस 1 मिलिग्रॅम असतो. म्हणजे पट्टीवरची पहिली निळी पायरी, जी पांढऱ्यापासून जेमतेम वेगळी ओळखता येते, ती लिटरला सुमारे 82 मायक्रोग्रॅम फॉस्फरस दाखवते. रॉबर्ट कार्लसन यांनी 1977 मध्ये तलावांची पोषणस्थिती आकड्यात मांडणारा जो निर्देशांक दिला, त्यात एकूण फॉस्फरस 24 मायक्रोग्रॅमच्या आसपास गेला की तलाव मध्यमपोषित गटातून सुपोषित गटात शिरतो, आणि 70 निर्देशांकाच्या पुढे तो अतिसुपोषित ठरतो. 82 मायक्रोग्रॅमला हा निर्देशांक 68 च्या जवळ येतो. तलाव नितळ असण्यापासून तो हिरवा पडण्यापर्यंतचा जवळपास सगळा प्रवास या किटच्या दृष्टीने 'शून्य' आणि पहिली पायरी यांच्या मध्येच घडतो. एखाद्या वजनकाट्यावर पहिली खूण पाच किलोची असावी आणि त्यावर औषधाची मात्रा तोलावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे आणि ती कितीही बारीक पायऱ्यांची पट्टी दिली तरी जाणार नाही. वर्षातल्या ज्या महिन्यात तलाव सर्वांत वाईट स्थितीत होता, पाणी वाटाण्याच्या सूपासारखे दिसत होते आणि काठाला हिरव्या रंगाची साय जमली होती, त्या महिन्यात किटने तलावातल्या फॉस्फेटला सलग दोन वेळा शून्य दिले. नळी इतकी कोरी राहिली की पुडी टाकायची विसरले की काय म्हणून मी चाचणी पुन्हा केली. त्याच बाटलीतला अर्धा नमुना प्रयोगशाळेत गेला होता आणि तिथून एकूण फॉस्फरस 110 मायक्रोग्रॅम आला. दोन्ही आकडे बरोबर होते. किट केवळ पाण्यात मोकळे विरघळलेले ऑर्थोफॉस्फेट मोजते. शैवाल माजलेले असताना ते मोकळे फॉस्फेट शैवालाच्या पेशींत गेलेले असते. प्रयोगशाळा आधी नमुना आम्ल आणि परसल्फेटसह दाबाखाली तापवून पेशी फोडते, आतला फॉस्फरस मोकळा करते आणि मगच निळा रंग काढते. थोडक्यात, किटला ताटात उरलेले दिसते, पोटात गेलेले दिसत नाही. पुस्तिकेत मात्र 'फॉस्फेट 0: पाणी पोषकद्रव्यांपासून सुरक्षित' असे वाक्य आहे, आणि माझ्या मते संपूर्ण किटमधली ही सर्वांत घातक ओळ आहे, कारण ती नेमकी तलाव माजलेला असतानाच लागू पडल्यासारखी दिसते.

तलावाच्या पाण्यात फॉस्फेटचा रंग मला वर्षभरात एकदाच ठळक दिसला, आणि तो पृष्ठभागावर नव्हता. एका बाटलीला वजन बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून, ती तळापासून हातभर उंचीवर नेऊन बूच ओढले. वर आलेल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास होता, ऑक्सिजन लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास होता (या जुगाडात पाणी भरताना हवा मिसळते, म्हणजे खरा आकडा त्याहूनही कमी असणार) आणि फॉस्फेटची नळी 0.5 च्या पायरीइतकी निळी झाली. तळच्या गाळात फॉस्फेट लोहाला चिकटून बसलेले असते आणि ऑक्सिजन संपला की लोहाचे रूप बदलून ते सुटते, त्यामुळे बाहेरून येणारे सांडपाणी उद्या थांबवले तरी असा तलाव काही काळ स्वतःच्याच गाळावर माजत राहू शकतो. या एका निरीक्षणासाठी मी किटला पूर्ण श्रेय देते, पण ते पुस्तिकेतल्या कोणत्याही सूचनेमुळे घडलेले नाही, आणि खोलीवरचा नमुना घेण्याचे साधन खोक्यात नाही.

नाल्यावर हीच चाचणी वेगळ्या रंगात दिसली, कारण तिथे शैवालाला फॉस्फेट खायला वेळच मिळत नाही. नाल्याचे पाणी नेहमी 0.5 ते 2 च्या दरम्यान आले, रंग स्पष्ट होता, आणि पाचशे पावले वर चालत जाऊन प्रत्येक वळणावर एक नळी भरली तेव्हा फॉस्फेट नेमके कोणत्या नळाच्या तोंडाशी चढते हे एका सकाळीत कळले. अशा शोधकामासाठी दोन पायऱ्यांमधला फरक पुरेसा असतो, अचूक आकडा लागत नाही. किट विकताना हेच काम पुढे केले असते तर माझी तक्रार निम्म्याने कमी झाली असती.

याच नाल्याच्या नमुन्यावरून प्रयोगशाळेच्या सेवेविषयीही दोन शब्द लिहावे लागतील. ज्या खासगी प्रयोगशाळेला मी नमुने देत होते तिने पहिल्या अहवालात 'फॉस्फेट 0.33' असे लिहून दिले, त्याच वेळी किट 1 दाखवत होते. किट तिप्पट दाखवते असे समजून मी ते परत करण्याच्या बेतात होते. पुढच्या फेरीला चौकशी केली तेव्हा कळले की 0.33 हा आकडा फॉस्फरसचा आहे आणि रकान्याच्या मथळ्यात 'फॉस्फेट' हा शब्द सवयीने राहून गेला आहे. 0.33 ला 3.07 ने गुणले की 1 येतात. किट बरोबरच होते. मथळा दुरुस्त करून द्यावा ही विनंती तीन अहवालांनंतर मान्य झाली. प्रयोगशाळेचे बाकी काम नीट होते. विरघळलेले फॉस्फेट मोजायचे असेल तर नमुना घेतल्या घेतल्या 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, बर्फात ठेवून दोन दिवसांच्या आत द्यावा, एवढे त्यांनी न विचारता सांगितले, आणि एकूण फॉस्फरससाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली दिली.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर माझी दुसरी फजितीही सांगते. एका आठवड्यात तलाव, नाला आणि विहीर अशा तिन्ही ठिकाणी फॉस्फेट सारखेच, 1 च्या आसपास, आले. तीन वेगळ्या पाण्यांनी एकच उत्तर द्यावे हे संशयास्पद होते, म्हणून त्याच बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरून पाहिले, तर तेही निळे झाले. बाटल्या आदल्या दिवशी साबणाच्या भुकटीने घासल्या होत्या, आणि अनेक धुण्याच्या भुकट्यांत फॉस्फेट असते. तेव्हापासून बाटल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळणे, मग डिस्टिल्ड वॉटरने तीनदा आणि नमुना घेताना त्याच पाण्याने तीनदा विसळणे हा नेम ठेवला आहे, आणि प्रत्येक फेरीत एक नळी निव्वळ डिस्टिल्ड वॉटरची लावते. पुस्तिकेत या कोऱ्या नळीचा उल्लेख नाही.

तसाच उल्लेख ज्ञात द्रावणाचाही नाही, आणि त्याशिवाय रंगपट्टीवर विश्वास कसा ठेवायचा हे मला समजत नाही. सुकवलेले पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.22 ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवले की लिटरला 50 मिलिग्रॅम फॉस्फरसचे द्रावण तयार होते. त्यातले 10 मिलिलिटर पुन्हा एक लिटर करून घेतले की फॉस्फरस 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे फॉस्फेट सुमारे 1.5 मिलिग्रॅम होते. पट्टीवर याचा रंग 1 आणि 2 च्या मध्ये पडायला हवा. पहिल्या महिन्यात तो बरोबर मध्ये पडला. नवव्या महिन्यात तो 2 च्या पलीकडे दिसू लागला, आणि शोध घेता द्रावण शाबूत होते, उन्हात राहून पट्टीच फिकट झाली होती. रंग वाचताना माणसागणिक फरक पडतो तो वेगळाच. माझा सहकारी आणि मी एकच नळी एकाच पांढऱ्या कागदावर धरून वाचत असू, तरी निळ्या छटांत तो नेहमी एक पायरी खाली राहत असे. शेवटी वहीत वाचणाऱ्याचे आद्याक्षर लिहायला सुरुवात केली.

अमोनियाच्या चाचणीत रंग हिरवा येतो. हिरव्या पाण्यात हिरवा रंग वाचायचा म्हणजे काय ते ज्याने केले असेल त्यालाच कळेल. नमुना गाळून घेतल्यावर हा त्रास बराच कमी होतो, पण गाळणी किटमध्ये येत नाही. चाचणी मात्र उपयोगाची आहे, विशेषतः सामूच्या जोडीने वाचली तर. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि माशांना मुख्यतः त्यातले आयनरहित रूप घातक ठरते. 25 अंश सेल्सिअस तापमानाला सामू 7 असेल तर हे रूप एकूण अमोनियाच्या एका टक्क्याहून कमी असते, सामू 8 ला ते पाच टक्क्यांच्या आसपास जाते आणि 9 ला एक तृतीयांशाच्या वर. माजलेल्या तलावात शैवाल दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि दुपारपर्यंत सामू 9 च्या वर नेऊ शकते, म्हणजे सकाळी निरुपद्रवी वाटणारा अमोनियाचा आकडा त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी धोक्याचा असू शकतो. किटमध्ये या दोन्ही चाचण्या शेजारीशेजारी आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध जोडणारा तक्ता नाही.

ऑक्सिजनची चाचणी मात्र या खोक्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत उत्तम वस्तू आहे. लायोश विंकलर यांनी 1888 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धतच थेंबांच्या रूपात इथे दिलेली आहे. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा न राहू देता बूच लावायचे, मग मॅंगनीजचे आणि अल्कली-आयोडाइडचे थेंब सोडायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर विटकरी ढग तयार होऊन सावकाश खाली बसतो, नसेल तर ढग पांढराच राहतो, आणि तळच्या पाण्याच्या त्या नमुन्यात तो जवळजवळ पांढरा राहिलेला पाहणे हा अहवालातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त बोलका अनुभव होता. पुढे आम्ल घातले की ढग विरघळून पाणी मधासारखे पिवळे होते, स्टार्चने ते गडद निळे होते, आणि थायोसल्फेटच्या एकेका थेंबाने तो निळा रंग अचानक नाहीसा होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. एक थेंब म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. इथे रंगाची छटा ओळखायची नसून रंग आहे की गेला एवढेच पाहायचे असते, त्यामुळे दोन माणसांची उत्तरे जुळतात.

या चाचणीचा अर्थ लावताना मात्र पुस्तिकेने पुन्हा घात केला आहे. तिच्या तक्त्यात 6 च्या वरचा प्रत्येक आकडा 'उत्तम' आहे आणि नमुना कोणत्या वेळी घ्यावा याबद्दल एक अक्षर नाही. समुद्रसपाटीला 30 अंश तापमानाचे गोडे पाणी हवेतून साधारण 7.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकते. तलाव हिरवा असताना दुपारी तीनला मला 12 मिळाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडण्याआधी त्याच जागी 2.5. दिवसा शैवालाने बनवलेला ऑक्सिजन पाण्यात कोंडला होता आणि रात्री शैवाल, जिवाणू व मासे या सगळ्यांनी मिळून तो संपवला होता. तक्त्याप्रमाणे दुपारचा तलाव उत्तम होता. ज्याला एकच नमुना घेणे शक्य असेल त्याने तो पहाटेचा घ्यावा, आणि पहाट व दुपार दोन्ही जमत असतील तर त्यांच्यातला फरक वहीत वेगळा लिहावा, कारण फॉस्फेटच्या कोऱ्या नळीने जे लपवले ते याच फरकाने उघडे केले.

खोक्यात जी वस्तू नाही आणि असायला हवी होती ती म्हणजे सेकीची तबकडी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी 1865 मध्ये समुद्राच्या पाण्याचा पारदर्शकपणा तपासण्यासाठी अशी तबकडी जहाजावरून पाण्यात सोडून पाहिली होती. आज तलावांसाठी 20 सेंटिमीटर व्यासाची, आळीपाळीने काळे-पांढरे पाव भाग असलेली तबकडी वापरतात. मी ती जाड ॲक्रिलिकच्या तुकड्यावर रंगवून, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी बांधून तयार केली. भर दुपारच्या सुमारास, सावलीच्या बाजूने, ती खाली जाताना कुठे दिसेनाशी होते आणि वर येताना कुठे पुन्हा दिसते या दोन खोल्यांची सरासरी घ्यायची. फॉस्फेट शून्य दाखवणाऱ्या त्या महिन्यात तबकडी 45 सेंटिमीटरला नाहीशी झाली. कार्लसन यांच्या सूत्रात हा आकडा घातला तर निर्देशांक 71 ते 72 येतो. प्रयोगशाळेच्या 110 मायक्रोग्रॅम फॉस्फरसवरूनही तो जवळपास तेवढाच येतो. रंगवलेल्या एका तबकडीने आणि दोरीने जे सांगितले ते पुड्या, थेंब आणि रंगपट्टी मिळून सांगू शकले नव्हते. अर्थात जोराच्या पावसानंतर गाळाने पाणी मातकट झालेले असते तेव्हा ही तबकडी शैवालाविषयी काही सांगत नाही, आणि ते दिवस मी निर्देशांकातून वगळते.

आणखी एक गोष्ट, जी किटच्या कक्षेबाहेरची आहे हे मान्य करूनही पुस्तिकेत एका परिच्छेदाची हकदार होती. तलावाला महत्त्व असते ते भाराचे, म्हणजे पाण्यातले प्रमाण आणि वाहणारे पाणी यांच्या गुणाकाराचे. नाल्याची रुंदी व खोली मोजून आणि लाकडाचा तुकडा ठराविक अंतर किती सेकंदांत कापतो ते पाहून मी प्रवाह सेकंदाला 5 लिटर धरला. लिटरला 0.33 मिलिग्रॅम फॉस्फरस या हिशेबाने दिवसाला सुमारे 140 ग्रॅम फॉस्फरस तलावात जातो. शैवालाच्या सरासरी रासायनिक घडणीवरून पाहिले तर 1 ग्रॅम फॉस्फरसवर 100 ग्रॅमहून थोडे जास्त कोरडे शैवाल उभे राहू शकते, म्हणजे बाकी सगळे अनुकूल असेल तर या एका ओहोळाच्या एका दिवसाच्या पाण्यात 14 किलोहून अधिक शैवालाचा शिधा आहे. रंगपट्टीवर 1 लिहिलेला तो फिकट निळा चौकोन पाहून हे कुणाच्या मनात येणार नाही.

वापरलेली रसायने बेसिनमध्ये ओतून वर भरपूर पाणी सोडावे असा सल्ला पुस्तिका देते. जस्त, मॅंगनीज, मॉलिब्डेट आणि आम्ले असलेले हे पाणी शेवटी कुठल्या तरी जलाशयाकडेच जाणार आहे, याचा विचार पाणी वाचवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूने करायला हवा होता. मी ते सगळे एका झाकणाच्या कॅनमध्ये साठवते आणि नमुने द्यायला जाते तेव्हा प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात देते. त्यांनी त्याला कधी नकार दिलेला नाही.

वर्ष संपताना पुनर्भरणाचे साहित्य मागवायची वेळ आली तेव्हा ऑक्सिजनचे दोन संच घेतले, नायट्रेटचा आणि अमोनियाचा एकेक घेतला, आणि फॉस्फेटचा निम्म्या आकाराचा घेतला, कारण तो यापुढे फक्त नाल्यावर आणि तळच्या पाण्यावर वापरणार आहे. तलावाच्या वरच्या पाण्याचा एकूण फॉस्फरस दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतच करून घेते. पुनर्भरणासोबत नवी रंगपट्टी येत नाही आणि ती सुटीही मिळत नाही, असे विक्रेत्याने कळवले. त्यामुळे आता फॉस्फेटच्या प्रत्येक फेरीत ज्ञात द्रावणाच्या तीन नळ्या शेजारी उभ्या करते आणि नमुन्याचा निळा रंग त्यांच्याशी ताडून पाहते. जुनी पट्टी खोक्याच्या झाकणातच आहे, उन्हाने तिचा 2 चा चौकोन आता जवळजवळ 1 सारखा दिसतो.